पहिली फुंक

घरातल्या धाकट्या लेकीने, बारकीने, हात लांब केला, टेबलाच्या टोकाला वेगळा ठेवलेला निळ्या कडेचा ग्लास उचलला, आणि सगळ्यांच्या देखत, अगदी सावकाश, तळाचा थेंब उरेपर्यंत पिऊन टाकला!

सासूबाईंच्या हातातला डाव पातेल्यात पडला. थोरल्या मुलाचा घास तोंडाशीच थांबला. आणि जिचा तो ग्लास होता ती थोरली सून, पाण्याचा जग हातात धरून, जागच्या जागी थिजली. गेल्या सात वर्षांत त्या ग्लासाला तिच्याखेरीज कुणाचं बोटसुद्धा लागलं नव्हतं.

"अगं ए बाई, काय केलंस हे!" सासूबाई किंचाळल्या. "आधीच का कमी भोगतेयस? थुंक आधी ते पाणी!"

"गिळलं," बारकी म्हणाली. "छान होतं. थंडगार."

काचेचं काम करणाऱ्या घरात ग्लासांना काय तोटा! फळीवर एकसारखे वीस ग्लास ओळीने उभे असत आणि कुणीही कुठलाही उचलावा असा शिरस्ता होता. फक्त थोरलीचा तेवढा वेगळा. चुकून मिसळू नये म्हणून स्वतः उस्तादांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, त्याच्या कडेला निळ्या काचेचं बारीक वळं चढवलं होतं. काय सुबक वळं! अपमानसुद्धा हा माणूस निष्काळजीपणे करत नसे.

तिचा गुन्हा काय होता ते सांगायलाच हवं, कारण त्या घरात तो कुणी मोठ्याने बोलत नसे, नुसता पाळत असे.

घराच्या मागच्या दाराला लागून त्यांचा कारखाना. कारखाना म्हणायचा एवढंच. एक भट्टी, दोन बाकं, घासायचं एक दगडी चाक. तिथे रस्त्यावरच्या आणि बंदरातल्या दिव्यांचे मोठाले गोल फुंकले जात. एवढा गोल एका छातीचं काम नव्हे. म्हणून फुंकायची लोखंडी नळी तोंडातोंडी फिरायची. पहिली फुंक उस्तादांची, कारण तापलेल्या काचेच्या रसात पोकळी नेमकी मधोमध बसवायची तर तिथे त्यांचाच श्वास हवा; मग थोरल्या मुलाची, मग धाकट्या लेकीची. आणि मध्ये नळीचं तोंड पुसायचं नाही! पुसणं म्हणजे आधीच्याच्या श्वासाला नाक मुरडणं, असं उस्तादांच्या वडिलांपासून चालत आलेलं.

नऊ वर्षांपूर्वी थोरली लग्न होऊन आली ती दुसऱ्या एका कारखान्यात घडलेली कारागीर होती. तिची छाती पाहून उस्ताद पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "पोरी, तुझ्यात दोन माणसांचा वारा आहे." तिला बारकीनंतरची जागा मिळाली; तिच्यानंतर नळी पुन्हा पहिल्यापासून फिरायची. पण तिला तिच्या जुन्या कारखान्याची एक खोड होती. नळी हातात आली की एप्रनच्या टोकाने तोंड पुसायचं आणि मगच ओठ लावायचे. ती पुसतच राहिली आणि सासूबाईही म्हणतच राहिल्या, "आमच्या तोंडाची शिसारी येते वाटतं राणीसरकारांना?"

लग्नानंतर दोन महिन्यांनी तिचा घसा धरला. चार दिवस ताप आला आणि गेला. महिनाभराने बारकीला ताप भरला तो मात्र साधा नव्हता. गळ्याच्या गाठी सुजून तिची मान दिसेनाशी झाली, सहा आठवडे ती अंथरुणाला खिळली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. बरी झाली, विसरूनही गेली. आणि दोन वर्षांनी एका सकाळी तिचा डावा डोळा धुरकटला... मग पाय बधिर झाला... मग एके दिवशी तिच्या हातातून नळीच सुटली, आणि अर्धवट फुंकलेला गोल फरशीवर पडून त्याच्या ठिकऱ्या झाल्या!

मोठ्या इस्पितळातल्या मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. त्यांनी सांगितलं, की शरीराची राखण करणारी फौज चुकून घरच्याच नसांवरच्या वेष्टनावर तुटून पडते, तसला हा आजार आहे. का तुटून पडते ते पक्कं माहीत नाही. आधी कधीतरी होऊन गेलेल्या एका तापाच्या विषाणूचा त्यात हात असू शकतो, तो थुंकीतून पसरतो, अजून संशोधन चालू आहे.

यातले 'असू शकतो' हे शब्द इस्पितळातून घरी येता येता वाटेतच कुठेतरी गळून पडले. घरी पोचलं ते एवढंच: ताप, थुंकी आणि थोरली!

त्याच संध्याकाळी तिच्या हातून नळी काढून घेतली गेली. तिला दगडी चाकावर बसवलं. दुसऱ्यांनी फुंकलेल्या गोलांच्या कडा थंड पाण्यात घासून गुळगुळीत करायच्या, दिवसभर, बोटांना भेगा पडेपर्यंत. भट्टीपासून दहा पावलांवर बसून ती सात वर्षं त्या नळ्यांकडे पाहत आली होती. तिला दागिने नको होते, मान नको होता, सासूबाईंच्या किल्ल्यांचा जुडगा तर मुळीच नको होता... तिला नळी हवी होती. छातीत मावत नाही एवढा श्वास घेऊन बसलेली बाई दुसरं काय मागणार!

"बारके, ठेव तो ग्लास खाली," थोरली आता हलक्या आवाजात म्हणाली. बारकीच्या एप्रनच्या खिशातून डोकावणारं इस्पितळाचं पाकीट तिला दिसलं होतं.

घरी आलेली पत्रं फोडायचं काम बारकीचं. आजाराने तिला भट्टीपासून उठवून हिशेबाच्या टेबलाशी बसवलं होतं, तेव्हापासून कुणाचंही पत्र आधी तीच वाचायची आणि मग ओरडून सगळ्यांना सांगायची.

"आज वहिनीला पत्र आलंय," बारकी काठीच्या आधाराने उभी राहत म्हणाली. "आपल्या डॉक्टरीणबाईंच्या खात्याकडून."

"बारके, नको!" थोरलीने जग खाली आदळला. "माझं पत्र आहे ते. दे इकडे."

"देते की. वाचून देते."

"तुला माझी शपथ आहे!"

"शपथा पुरे. तू सात वर्षं गप्प बसलीस तेवढं खूप झालं," बारकी म्हणाली आणि कागद उलगडला. "तुम्हा सगळ्यांना आठवतं ना? माझा आजार कळला त्या वर्षी त्यांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त घेतलं होतं, अभ्यासासाठी. आता ऐका. 'आपल्या रक्तात या विषाणूच्या जुन्या किंवा नव्या, कोणत्याही खुणा आढळल्या नव्हत्या. असे प्रौढ फार थोडे सापडतात. त्यामुळे पुन्हा एकदा नमुना देण्यासाठी आपण यावं ही विनंती.'"

बारकीने कागद आईच्या ताटापुढे ठेवला.

"कळलं का? हिला तो ताप कधी झालाच नाही! हिचा घसा धरला होता तो वेगळाच. जे हिच्याकडे कधी नव्हतंच ते हिने मला दिलं कसं, सांगा ना!" बारकीच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं, आणि तेवढाच तिचा संतापही उसळला. "आई, माझं शरीर चोर समजून घरच्याच माणसाला बडवतंय. त्याला निदान औषध तरी आहे. तुम्ही सगळे इतकी वर्षं तेच करताय, तुम्हाला कोण औषध देणार?"

थोरल्याने मान खाली घातली ती वर केली नाही. सासूबाई तोंडावर हात धरून बसल्या. पण थोरली या दोघांकडे पाहतच नव्हती. तिचे डोळे उस्तादांवर खिळले होते. त्यांच्या कपाळावरची शीर हळूहळू फुगत होती, आणि तिला ठाऊक होतं की आता ते काय विचारणार.

हेच टाळण्यासाठी तर तिने सगळं गिळलं होतं!

सात वर्षांपूर्वी इस्पितळाने पाच पाकिटं हातात दिली होती. "तूच वाच, ते बारीक अक्षर मला दिसत नाही," म्हणून सगळ्यांनी आपापली पाकिटं तिच्याकडेच टाकली. तिने वाचली. चौघांच्या रक्तात खुणा होत्या. फक्त तिच्या नव्हत्या. ती धावत डॉक्टरीणबाईंकडे गेली तेव्हा त्या हसून म्हणाल्या होत्या, "बहुतेकांना हा लहानपणीच होऊन जातो, कळतही नाही. मग तो जन्मभर अंगात मुकाट राहतो, अधूनमधून थुंकीत येतो. तुम्ही नळी पुसत होता म्हणून सुटलात की नशिबाने, ते मी नाही सांगू शकत. पण तुमच्यामुळे काही झालेलं नाही एवढं लिहून देते."

तो कागद पिशवीत घालून, आज सगळं सांगायचं, तोंडावर फेकायचं, असं ठरवून ती घरी आली होती. दारातच तिने उस्तादांचा आवाज ऐकला. लेकीचा आजार कळल्यापासून त्या माणसाच्या पोटात धड अन्न गेलं नव्हतं. ते बायकोला सांगत होते, "हे माझ्यामुळे झालं असतं ना, तर याच भट्टीत उडी घेतली असती मी."

बारकीच्या आधी नळीला ओठ लागायचे ते थोरल्याचे, आणि त्याच्याही आधी उस्तादांचे. दारात उभ्या असलेल्या त्या पोरीला हे कळायला किती वेळ लागणार! तिने पिशवी छातीशी घट्ट धरली, आत गेली, पाचही पाकिटं आपल्या पेटीच्या तळाशी पुरली, काय निघालं म्हणून कुणी विचारलंही नाही... आणि दुसऱ्या दिवशी निळ्या कडेचा ग्लास मुकाट्याने उचलला.

"मग कुणाचा?" उस्तादांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "हिचा नाही, तर मग कुणाचा?"

"ते कुणालाच सांगता येत नाही, बाबा," थोरली घाईने म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हणतात, शंभरातल्या नव्वदांच्या वर लोकांच्या अंगात तो असतो..."

"माझ्या रक्तात होता?"

तिला खोटं बोलता येत नसे. तिला फक्त गप्प राहता येत असे.

"होता ना?"

उस्ताद उठले. खुर्ची मागे पडली ती त्यांनी उचलली नाही, आणि वस्तू जागच्या जागी ठेवण्यात आयुष्य घालवलेल्या त्या माणसाची न उचललेली खुर्ची पाहून सासूबाईंना रडू फुटलं. ते मागच्या दाराने कारखान्यात गेले. क्षणभराने भट्टीचा घोंगावणारा आवाज, ज्या आवाजात दोन्ही मुलं जन्मली आणि वाढली, तो खाली खाली गेला... आणि थांबला!

"बाबांनी भट्टी बंद केली!" थोरला उभा राहत ओरडला.

भट्टी निवली तर आतली मातीची मूस तडकते, तिच्यातला रस थिजून दगड होतो, आणि मग भट्टी फोडून नवी बांधण्यावाचून इलाज नसतो. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने भट्टी विझवली तर ती पुन्हा पेटत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

थोरली धावली. कितीतरी वर्षांत प्रथमच ती घासायच्या चाकाशी न थांबता सरळ पुढे गेली. उस्ताद इंधनाच्या कळीवर हात ठेवून उभे होते, आणि भट्टीच्या तोंडातला पांढरा उजेड पिवळा होत चालला होता.

"हात काढा त्या कळीवरून!"

तो आवाज तिचा होता यावर तिचाच विश्वास बसला नाही. दाराशी पोचलेली माणसं तिथेच थबकली.

"कशासाठी पेटती ठेवू?" उस्ताद म्हणाले. "माझ्या तोंडाने मी माझ्या पोरीचे पाय फुंकून टाकले! आणि शिक्षा कुणाला केली? तुला! या हातांनी तुझा ग्लास वेगळा काढला मी... आता या हातांनी कसली काच करू? नको ती भट्टी. नको ती नळी. जळो सगळं!"

"जळायचं असेल तर कळ सोडा, म्हणजे जळेल तरी!" थोरली कडाडली. तिने त्यांचं मनगट धरलं, सरळ बाजूला सारलं, आणि दोन्ही हातांनी कळ फिरवली. भट्टीच्या पोटात ठिणगी पडली, आग घरघरली, भडकली. "सात वर्षं गप्प बसले मी. का, माहीत आहे? तुम्ही म्हणाला होतात, माझ्यामुळे झालं असतं तर उडी घेईन. दारात उभी राहून ऐकलं मी ते. तुमचा जीव राखायला मी माझं तोंड शिवून घेतलं, उस्ताद! आणि आज तुम्ही भट्टीचाच जीव घ्यायला निघालात? मग माझी ती वर्षं कुठे गेली? फुकट? परत द्या मला!"

"पोरी..."

"थांबा, अजून संपलं नाही. आता मला कुणी साध्वी ठरवू नका. मी काही हसतमुखाने सोसलं नाही. चाकावर बसून रोज चिडले मी, रोज! तुमच्यावर, आईंवर, आणि..." ती दाराकडे वळली, जिथे तिचा नवरा भिंतीला टेकून उभा होता. "आणि यांच्यावर तर सगळ्यात जास्त. तुमच्याशी मला वेगळं बोलायचंय, आणि ते लांबणार आहे."

थोरल्याने मान डोलावली. त्याला नकार द्यायला जागाच नव्हती.

बारकी काठी टेकत टेकत दारातल्या स्टुलावर येऊन बसली. भट्टीची धग लागली की तिची नजर अंधुक व्हायची, गारव्यात गेलं की पुन्हा यायची. म्हणून तिने ओला टॉवेल डोक्यावर घेतला होता आणि त्याखालून तिची जीभ पूर्वीइतकीच धारदार चालू होती.

"बाबा, मी सांगते ते ऐका. तुमच्याकडून आला असेल, दादाकडून आला असेल. नाहीतर नसेलही! वर्गातल्या मैत्रिणींच्या बाटल्या मी उष्ट्या केल्यात, त्या नक्षीकाम करणाऱ्या मुलाकडून आला असेल..."

"कुठला मुलगा?" सासूबाईंनी रडणं थांबवून विचारलं.

"आई, ते नंतर!" बारकी घाईने म्हणाली. "मुद्दा एवढाच, की त्या विषाणूने एकट्याने हे केलं असतं तर अख्खं गाव माझ्यासारखं काठी घेऊन फिरलं असतं. तो तुमच्यात आहे, दादात आहे, आईत आहे, तुमचं कुणाचं काही वाकडं झालं नाही. माझ्याच शरीराने का उलटं घेतलं, ते डॉक्टरीणबाईंनाही अजून सापडलेलं नाही. त्या शोधतायत. तुम्हाला एका जेवणात सापडलं? तेव्हा वहिनीवर टाकलंत, आता स्वतःवर टाकताय. माझ्या आजाराला गुन्हेगार नको आहे, बाबा! मला माझे बाबा हवे आहेत, आणि ती भट्टी पेटती हवी आहे, कारण मला अजून तिच्यापुढे बसून तुमच्याशी खूप भांडायचं आहे."

उस्तादांनी भिंतीला धरलं आणि ते बाकावर बसले. ज्या बाकावर त्यांच्याखेरीज कुणी बसत नसे त्यावर ते आज पाहुण्यासारखे टेकले होते. त्यांच्या सुरकुतलेल्या गालांवरून आसवं ओघळत होती आणि ती पुसायचंही भान त्यांना नव्हतं.

"सूनबाई," ते म्हणाले, "तू सांग. तू म्हणशील ते. मी काय करू?"

किती वेळा तिने हा क्षण मनात रंगवला होता! त्यात ती मोठ्या मनाने हसायची, म्हणायची, जाऊ द्या हो, झालं गेलं. आता तो क्षण खरोखरच समोर उभा होता आणि तिला तसलं काहीच म्हणावंसं वाटत नव्हतं.

"नळी द्या," ती म्हणाली.

उस्तादांचा चेहरा उजळला. ते झटकन उठले, खुंटीवरची आपली स्वतःची नळी, ओठांच्या जागी झिजून चकचकीत झालेली, काढून त्यांनी दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. यापेक्षा मोठं त्यांच्याकडे काहीच नव्हतं. थोरलीने हात पुढे केला...

"वहिनी, खबरदार!" बारकीने काठी फरशीवर आपटली. "त्या नळीला तोंड लावायचं नाही! या घरात तू एकटीच त्यातून सुटलेली आहेस. मोठेपणी तो ताप आला तर कसा आडवा करतो ते माझ्याकडून ऐक. आणि त्या तापाच्या मागून काय येऊ शकतं, ते... ते माझ्याकडे बघूनच कळेल."

उस्तादांचे हात तसेच हवेत राहिले.

"पुसून घेईल की ती," सासूबाई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन त्यांनी ओठ आवळले.

"पुसून भागतं का, ते डॉक्टरीणबाई सांगत नाहीत. मग मी कशी सांगू?"

"मग नळी फिरायची कशी?" थोरल्याने विचारलं. "एकट्याच्या छातीने तो गोल होणं शक्य नाही. हिचीसुद्धा छाती नाही पुरणार."

पुन्हा तेच! थोरलीने नळीकडे पाहिलं. काल तिचा श्वास घातकी म्हणून ती बाहेर होती. आज तिचा श्वास निर्मळ निघाला म्हणूनही ती बाहेरच राहणार होती. कलंक गेला आणि नळी नाहीच! आता सगळे तिला जपणार, ग्लास आता तिच्या भल्यासाठी वेगळा काढणार, आणि ती त्या थंड पाण्याच्या चाकावर बसून म्हातारी होणार... नाही. मुळीच नाही! तिने मान वर केली.

"फिरेल," ती म्हणाली. "सोपं आहे. माझ्याकडून कुणाला काही लागायचं नाही, कारण माझ्याकडे काही नाहीच. लागलं तर तुमच्याकडून मला लागेल. म्हणून तुमच्यानंतर मी नाही फुंकणार. तुमच्या आधी फुंकणार."

थोरल्याला ते कळायला वेळ लागला. उस्तादांना लागला नाही.

"पहिली फुंक?" ते म्हणाले.

"हो. पहिली. कोरी नळी. मी पोकळी बसवते. मग तुम्ही, मग हे. एकदा तुमच्याकडे गेलेली नळी त्या गोलासाठी माझ्याकडे परत यायची नाही; पुढच्या गोलाला ती आधी उकळून घ्यायची."

"मधोमध बसायला हवी," उस्ताद पुटपुटले. त्यांच्यातला बाप, सासरा, गुन्हेगार सगळे मागे सरले होते आणि फक्त कारागीर बोलत होता. "एका बाजूला कलली की पुढचं सगळं वाया. इतकी वर्षं तुझा हात..."

"हात बसलेला नाही, मला माहीत आहे. दहा गोल फुटतील. फुटू देत! तुम्ही माझी सात वर्षं फोडलीत. मी दहा गोल फोडले तर बिघडलं कुठे?"

बारकी टॉवेलाखाली खुदकन हसली. आणि आश्चर्य म्हणजे, रडून लाल झालेल्या डोळ्यांनी उस्तादही किंचित हसले.

ते खुंटीकडे गेले. आपली नळी त्यांनी परत टांगली. मागच्या रांगेतली, अजून कुणाच्याच ओठांना न लागलेली एक नवी नळी काढली आणि तिचं टोक भट्टीत तापत ठेवलं. रस पुन्हा पांढरा व्हायला अर्धा तास गेला. तेवढ्यात सासूबाई उठल्या. त्यांना माफी मागता येत नसे, जन्मात कधी मागितली नव्हती. त्यांनी लाकडी साचा पाण्याच्या बादलीत बुडवला, निथळत दोन्ही हातांनी उचलून आणला आणि सुनेच्या पायाशी नेमका ठेवला. साचा जड होता. थोरला मदतीला धावला तर त्यांनी त्याला कोपराने दूर केलं.

मग उस्तादांनी मुशीत नळी बुडवली आणि फिरवत फिरवत रसाचा गोळा उचलला. रस उचलून देणं हे शिकाऊ माणसाचं काम. ते त्यांनी उस्ताद झाल्यापासून प्रथमच दुसऱ्या कुणासाठी केलं, आणि तोंडाची बाजू थोरलीपुढे धरली.

तिने नळी घेतली. गरम लोखंडाचा तो वास... तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हातांना आठवत होतं. हात आपोआप नळी फिरवू लागले, ओठ टेकले, आणि इतकी वर्षं छातीत कोंडून ठेवलेला श्वास तिने सोडला. जोराने नाही, अगदी बारीक, धीराने. लाल गोळ्याच्या पोटात एक कण उमलला. डावीकडे कलला... तिने नळी उलटी फिरवली... कण सरकला, थरथरला, मधोमध आला. गोळा आतून उजळत लिंबाएवढा झाला, मुठीएवढा झाला.

"बसली," थोरला श्वास रोखून म्हणाला. "मधोमध बसली!"

उस्ताद तिच्या शेजारी उभे होते. त्यांची नजर काचेवर नव्हती, तिच्या चेहऱ्यावर होती.

"मला माफ केलंस का, पोरी?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

तिचं तोंड नळीला होतं. तिने आपली फुंक पुरी केली, शेवटपर्यंत, एक कणही राखून न ठेवता. मग ओठ काढले आणि नळी फिरती ठेवून त्यांच्याकडे वळवली. गालांवरून आसवं वाहत होती, पण मान ताठ होती.

"ते सांगायला उरलेलं आयुष्य पडलंय, उस्ताद," ती म्हणाली. "आत्ता फुंका. रस निवतोय."

उस्तादांनी मुकाट्याने नळीला ओठ लावले. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच, दुसऱ्या कुणाच्या तरी मागून.